रस्सा कशाचा आहे? माळकरी वडील, कोरियन स्टॉल आणि चुकलेला एक प्रश्न

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. घरातल्या सगळ्यांना विचारून लिहिते आहे. दुकानाचं नाव, गावांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. भारतातून आई-वडील आले की त्यांना बाहेर कुठे जेवायला न्यायचं, हा प्रश्न इकडे राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांना पडतो. आमची चूक कुठे झाली ते जसं घडलं तसं मांडते.

पार्श्वभूमी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे आई-बाबा मे महिन्याच्या शेवटी सहा महिन्यांसाठी आले. बाबा 73 वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. पंचेचाळीस वर्षांपासून गळ्यात तुळशीची माळ आहे. मांस, मासे, अंडं वर्ज्य. दरवर्षी वारीला जातात, या वर्षी आमच्याकडे यायचं म्हणून वारी चुकली होती. ती रुखरुख त्यांनी बोलून दाखवली नाही, पण रोज रात्री नऊला, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा वाजता, ते आपल्या दिंडीतल्या मित्राला फोन करायचे आणि पालखी कुठवर आली ते विचारायचे.

आईचं माहेर कोकणातलं, समुद्राकाठचं. लग्नानंतर तिने मासे सोडले ते कायमचे. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

माझी मुलगी पंधरा वर्षांची. तिला कोरियन मालिका, कोरियन गाणी आणि कोरियन जेवण यांचं वेड आहे. आजी-आजोबांना आपलं आवडतं ठिकाण दाखवायचं असं तिने ते यायच्या आधीच ठरवलं होतं. ते ठिकाण म्हणजे आमच्याजवळच्या एका कोरियन सुपरमार्केटमधला छोटा स्टॉल. पैसे भरायच्या रांगा ओलांडल्या की भिंतीला लागून तीन-चार गाळे, वर पदार्थांचे फोटो, समोर आठ-दहा टेबलं. काउंटरवर ऑर्डर द्यायची, नंबरची चिठ्ठी घ्यायची, नंबर पुकारला की ट्रे आणायचा. पाणी आपलं आपण घ्यायचं. आमच्या ओळखीच्या स्टॉलवर साठीच्या एक बाई असतात. लेक त्यांना 'इमो' म्हणते. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. कोरियात खानावळीतल्या बाईंना अशीच हाक मारतात, हे ऐकून आई खूश झाली होती. "आपल्यासारखंच की गं," म्हणाली.

त्या दिवशी काय झालं

कांदेनवमीच्या आधीचा शनिवार. आम्ही साडेअकराला पोचलो, तरी गर्दी होती. लेकीने चार गोष्टी ठरवल्या होत्या. भाज्यांचा किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदासारख्या पापुद्र्यात भात आणि भाज्या गुंडाळून कापलेल्या चकत्या. सुंदुबू जिगे, म्हणजे अगदी मऊ टोफूचा तिखट, लालभडक रस्सा, जो काळ्या दगडी भांड्यात उकळतच समोर येतो. तोक्बोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट, बोटभर लांबीच्या कांड्या गोड-तिखट चटणीत शिजवलेल्या. आणि सगळ्यांसोबत येते ती किमची.

लेकीने इंग्रजीत नीट सांगितलं होतं. किंबापमध्ये अंडं नको, हॅम नको. तोक्बोक्कीत फिश केक नको. फिश केकला ओमुक म्हणतात, माशांच्या लगद्याची ती चपटी, घडी घातलेली पट्टी असते आणि नवख्याला टोफूच वाटते, हे तिला माहीत होतं. जिगेमध्ये मांस नको, शिंपले नकोत. मी स्वतः पुढे होऊन पुन्हा विचारलं, "नो मीट, राइट?" इमोंनी हसून मान हलवली. "नो मीट, नो मीट. टोफू, व्हेजिटेबल."

बाबांनी आधी किंबाप घेतला आणि त्यांना तो मनापासून आवडला. मग जिगे. वाफाळता रस्सा, वर कांद्याची पात. त्यांनी भातावर घेऊन, आमटी-भात कालवतात तसा कालवून खाल्ला. तोक्बोक्कीच्या चार-पाच कांड्या खाल्ल्या. किमची लोणच्यासारखी तोंडी लावली. आईने जिगेचा एक चमचा घेतला, क्षणभर थांबली, आणि पुढे फक्त किंबाप खात राहिली. मला वाटलं, तिखट लागलं असेल.

जेवण झाल्यावर बाबा आणि लेक फळं बघायला गेले. मी आणि आई तांदूळ शोधत सुक्या सामानाच्या रांगेत शिरलो. तिथे एका फडताळात सुक्या छोट्या माशांच्या पारदर्शक पिशव्या रचलेल्या होत्या. आकारानुसार लावलेल्या, बारीक एका बाजूला, करंगळीएवढे दुसऱ्या बाजूला. आई तिथे थांबली. एक पिशवी हातात घेतली, नाकाशी नेली.

"हाच वास," ती म्हणाली. "मघाशी त्या रश्शाला हाच वास होता. सुकटीचा. मला वाटलं, मलाच भास झाला."

अडचण नेमकी कुठे होती

मी आईला तिथेच उभं करून स्टॉलवर परत गेले. इमोंना विचारलं, सुपात मासा आहे का? त्या म्हणाल्या, "नो फिश." मग बोटाच्या पेराएवढं माप दाखवून, "ओन्ली म्योल्ची. फॉर सूप." म्योल्ची म्हणजे अँचोव्ही, तोच सुका मासा. आणि किमची? "लिटल श्रिम्प."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. हे मला त्या क्षणी कळलं नाही, रागच आला होता. नंतर नीट समजून घेतलं तेव्हा पटलं.

कोरियन स्वयंपाकात सुकी म्योल्ची आणि दाशिमा नावाचं जाड समुद्री शेवाळ पाण्यात उकळून रस्सा काढतात. मोठे मासे डोकं आणि पोट काढून रश्शाला वापरतात, बारीक मासे परतून तोंडी लावायला. उकळून झाल्यावर मासे गाळून टाकतात, राहतं ते पाणी. जिगे, तोक्बोक्की, नूडल्स, कितीतरी पदार्थांना हेच पाणी लागतं. ते करणाऱ्याच्या लेखी तो मासा उरलेलाच नसतो. आपण फोडणीत हिंग घातला म्हणून आमटीला हिंगाची आमटी म्हणत नाही, तसंच काहीसं. किमचीतही बहुधा सेउजोत, म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी, किंवा माशांचा सॉस घालतात. आंबल्यावर किमचीला जी विशिष्ट चव येते, ती बरीचशी त्याचीच.

दुसरी गोष्ट भाषेची. कोरियनमध्ये मांसाला गोगी म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात गोगी म्हणजे गाय, डुक्कर, कोंबडी. म्हणून 'मांस नाही' या उत्तरात मासा, कोळंबी, शिंपले यांच्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. प्रश्नच चुकीचा होता.

तिसरी गोष्ट आमच्या सवयीची. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त होतो. अमेरिकेत तशी सक्तीची खूण नाही. बंद पाकिटावर मासा आणि कोळंबी यांचा उल्लेख करायचं बंधन आहे, अॅलर्जी असणाऱ्यांसाठी 2006 पासून ते लागू आहे. त्यामुळे त्याच दुकानात किमचीची बरणी उचलली असती, तर त्यावर अँचोव्ही आणि श्रिम्प लिहिलेलं मला दिसलं असतं. समोर शिजवून दिलेल्या ताटाला हा नियम लागू होत नाही. म्हणजे दहा पावलांवरच्या फडताळात सगळी माहिती छापलेली होती, आणि आम्ही ती न वाचता जेवायला बसलो.

समोर काय पर्याय होते

मी फळांच्या बाजूला गेले तेव्हा बाबा लेकीला पीच कसे निवडायचे ते शिकवत होते. त्या दोघांचे चेहरे बघून माझी जीभ टाळ्याला चिकटली. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सांगू नकोस. अजाणता झालंय. त्यांना माहीतच नसेल तर माळ मोडली असं होत नाही. उगाच सहा महिने मनात ठेवतील."

न सांगणं हा एक पर्याय होता आणि त्यामागे प्रेमच होतं, हे मी नाकारत नाही. तिथल्या तिथे सांगणं हा दुसरा. त्यात लेकीला भर दुकानात रडू फुटलं असतं, आणि बाबांना पोटात ढवळलं असतं ते वेगळंच. घरी जाऊन निवांतपणे सांगायचं हा तिसरा. आई म्हणत होती, "सांग, पण आत्ता नको. पोर हिरमुसेल."

मी तिसरा पर्याय घेतला. पण 'निवांत' वेळ येईना. गाडीत बाबा जिगेबद्दल बोलत होते. घरी आल्यावर झोपले. चहाच्या वेळी शेजारचे आले. जेवणं झाली. नऊ वाजले आणि बाबांनी रोजच्यासारखा फोन लावला. तिकडे मित्र पालखीसोबत चालायला निघायच्या तयारीत होते. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि बाबांचा आवाज ऐकू येत होता. "अहो, आज कोरियन आमटी खाल्ली. दगडी भांड्यात, उकळती. काय सांगू तुम्हाला! आपल्या कटाच्या आमटीची आठवण झाली."

मी हातातलं भांडं ठेवलं, पण त्यांच्या हातातला फोन काढून घेतला नाही. ते पाच मिनिटं बोलत राहिले.

काय केलं

दहा वाजता सांगितलं. काहीही मऊ न करता, कशात काय होतं ते सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. हात माळेवर गेला. विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुपारी. दुकानातच."

"मग मला तो फोन का करू दिलास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मासा पोटात गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, ते उघडच होतं. पण वारीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाला आपण त्या रश्शाचं कौतुक ऐकवलं आणि घरातल्या दोघीतिघींना तेव्हा खरं माहीत होतं, हे त्यांना जास्त लागलं. ते खोलीत गेले, दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त दूध आणि फळं घेतली. हरिपाठ दोनदा म्हटला. माळ गळ्यात राहिली. हा त्यांचा निर्णय. दुसरा माळकरी वेगळं करेल, आपल्या महाराजांना विचारेल, त्यावर मी बोलणार नाही.

लेक मात्र दिवसभर खोलीतून बाहेर आली नव्हती. संध्याकाळी बाबांनी तिच्या दारावर टकटक केली. हातात तिचीच शाळेची वही होती. "चल, तक्ता मांडू," म्हणाले. पट्टीने रेघा मारल्या. डावीकडे पदार्थ, मग 'दिसणारे', मग 'न दिसणारे'. किंबापपुढे दिसणारे म्हणून भात, गाजर, पालक, पिवळा मुळा, आणि न दिसणारे म्हणून तिळाचं तेल. जिगेपुढे न दिसणाऱ्यात म्योल्ची. तोक्बोक्कीपुढेही तेच. लेकीने ओमुक काढायला लावला होता, पण कांड्या ज्या चटणीत रटरटत होत्या तिचं पाणीच माशांचं होतं. किमचीपुढे कोळंबी. आजोबांनी अक्षर न अक्षर शिक्षकी वळणात लिहिलं. शेवटी लाल पेनने 'न दिसणारे' या रकान्याखाली दोनदा रेघ ओढली.

तो कागद घेऊनच आम्ही पुढचं पाऊल ठरवलं. लेकीने एक चिठ्ठी तयार केली. वर्गातल्या कोरियन मैत्रिणीच्या आईने ती कोरियनमध्ये नीट लिहून दिली. पहिल्या मसुद्यात लेकीने 'शाकाहारी' एवढाच शब्द घातला होता. मैत्रिणीची आई म्हणाली, यावर भागणार नाही, मासे खाणारेही स्वतःला असंच म्हणवतात, एकेक वस्तू लिहा. शेवटचा मजकूर मराठीत असा होतो: 'मांस, मासे, कोळंबी, शिंपले, माशांचा सॉस, कोळंबीचं मीठवण आणि म्योल्चीचा रस्सा, यांपैकी काहीही खात नाही, थोडंसुद्धा नाही. अंडं नको. दूध चालतं. कृपया सांगा, आम्ही तुमच्याकडे काय खाऊ शकतो?'

मंगळवारी दुपारी तीनला मी आणि लेक स्टॉलवर गेलो. ती वेळ रिकामी असते. इमोंनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, "सुनीम?" सुनीम म्हणजे बौद्ध भिक्खू. लेकीने मान हलवली, भिक्खू नाहीत, पण खाणं तसंच. त्यानंतर त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. कोरियात बौद्ध मठांच्या स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. त्यात मांस-मासा नसतो, किमचीत कोळंबी किंवा माशांचा सॉस नसतो, आणि लसूण-कांद्याच्या कुळातल्या भाज्याही वर्ज्य. ज्या पाच उग्र गोष्टी टाळतात, त्या यादीत हिंगसुद्धा आहे. हे घरी सांगितल्यावर बाबा बराच वेळ विचारात पडले. आमच्याकडे हिंगाशिवाय आमटी होत नाही.

इमो शनिवारचं ऐकून खूप ओशाळल्या. दोन्ही हात जोडल्यासारखे धरून त्या मला वाकून काहीतरी म्हणाल्या, ते लेकीलाही नीट कळलं नाही. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. रस्सा सकाळी एकाच मोठ्या पातेल्यात काढतो, तुमच्यासाठी वेगळा करता येणार नाही. जिगे, तोक्बोक्की, नूडल्स नाहीच. किंबाप चालेल, सुरी आणि पाट धुऊन घेईन. बिबिमबाप, म्हणजे भातावर पाच-सहा भाज्या आणि लाल चटणी, तोही चालेल, पण झुकिनी काढून. झुकिनी त्या सेउजोतमध्ये परततात. हे मी सात जन्मांत विचारलं नसतं. झुकिनीच्या भाजीत कोळंबी असेल, असं कुणाच्या मनात येईल?

पुढे काय झालं

बाबा लगेच त्या स्टॉलवर जेवायला तयार झाले नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. तेवढ्यात आषाढी आली, चातुर्मास लागला आणि त्यांचा कांदा-लसूण बंद झाला. बिबिमबापच्या भाज्यांना लसूण असतो, म्हणून तोही प्रश्न मिटला.

आईने मात्र घरी किमची घातली. चिनी कोबी मिठात मुरवला, धुऊन निथळला. कोरियन तिखट, आलं, किसलेलं नासपती आणि सोया सॉस. लसूण नाही, पात नाही, कोळंबी नाही. दोन दिवस ओट्यावर, मग फ्रिजमध्ये. पहिली बरणी खारट झाली. दुसरी जमली. बाबांनी ती थालीपिठासोबत खाल्ली.

ऑक्टोबरातल्या एका एकादशीला आम्ही त्याच दुकानात तांदळासाठी गेलो होतो. दाराजवळ भट्टीत भाजलेली रताळी विकायला होती, जांभळ्या सालीची, आत पिवळीधमक. कोरियात हिवाळ्यात रस्त्यावर ही अशीच मिळतात. बाबांनी कागदी पिशवीतून एक घेतलं, साल सोलून तिथल्याच टेबलावर बसून खाल्लं. इमोंनी त्यांना ओळखलं नव्हतं, त्यांनी त्यांना कधी नीट बघितलंच नव्हतं. लेकीने सांगितल्यावर त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि टेबलावर गरम पाण्याचा पेला आणून ठेवला. आधी बोरीचा, म्हणजे भाजलेल्या सातूचा चहा देणार होत्या. उपवासाला धान्य चालत नाही हे लेकीने सांगितलं तेव्हा तो परत नेला.

निर्णयाच्या जागा

ऑर्डर देताना आम्ही 'काय नको' ते सांगितलं, 'कशात शिजवलंय' ते विचारलं नाही. आता मी पहिला प्रश्न रश्शाचा विचारते, दुसरा चटणीचा, तिसरा लोणच्याचा. कोरियनच नाही, थाई आणि जपानी ठिकाणीही. थाई जेवणात माशांचा सॉस आणि जपानी जेवणात बोनितो माशाचा रस्सा अशाच न दिसणाऱ्या जागी बसलेले असतात. वेळही महत्त्वाची. शनिवारी साडेअकराला रांगेत उभं राहून कुणालाच नीट उत्तर देता येत नाही.

दुसरी जागा आईचा तो एक चमचा. तिला पहिल्याच घोटाला कळलं होतं. मी नंतर विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, पंचेचाळीस वर्षांत त्या वासाचं नाव या घरात मी काढलेलं नाही, नातीसमोर कसं काढू? आमच्यापैकी ज्या एका माणसाला ही चूक ओळखता येत होती, तिलाच ते बोलून दाखवायची सोय आम्ही कधी ठेवली नव्हती. तेव्हापासून बाहेर जेवताना पहिला घास आईचा. ती वास घेते, आणि सगळ्यांसमोर सांगते.

तिसरी जागा दुपारचे साडेबारा ते रात्रीचे दहा. मला पुन्हा निवडायला मिळालं, तर मी फळांच्या ढिगाऱ्यापाशीच सांगेन. लेक रडली असती, बाबांची दुपार खराब झाली असती, पण तो फोन झाला नसता. नवऱ्याचं मत आजही वेगळं आहे. त्याच्या मते सांगायलाच नको होतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

बाबांनी त्या सोमवारी रात्री नऊला मित्राला पुन्हा फोन केला. या वेळी दार बंद करून. बराच वेळ बोलले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.